हॅमर मिलचं दार: शून्य वेग आणि गार्ड लॉकिंगच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काल दुपारच्या पाळीत हॅमर मिलचं (फिरत्या हातोड्यांनी माल भरडणाऱ्या यंत्राचं) दार उघडलं तेव्हा आत रोटर, म्हणजे हॅमर लावलेला फिरता भाग, फिरत होता. कोणाला लागलं नाही. फिटर काकांनी दार ओढलं, चाळणी काढायला वाकले, चेहऱ्यावर वारं आलं म्हणून झटकन मागे सरले. पॅनेलवर हिरवा दिवा होता. स्टॉपनंतरची टायमरची ४ मिनिटं संपली होती, सोलेनॉइडने (विजेवर चालणाऱ्या खटक्याने) दाराचा बोल्ट सोडला होता. यंत्रणेत एकही बिघाड नव्हता. तिला जे सांगून ठेवलं होतं ते तिने बिनचूक केलं.

सकाळी काकांना भेटलो. ते म्हणाले, "साहेब, आवाज नव्हता हो. माल असला की मिल ओरडते. रिकामी फिरते तेव्हा काही कळत नाही. वारं लागलं नसतं तर मी चाळणीला हात घातलाच होता."

तीस वर्षं यंत्रांवर हात चालवलेल्या माणसाचा जीव वाऱ्याच्या झुळकीवर राहिला, हे मला आज दिवसभर सोडत नाही. काम माझ्याकडे आलं आहे. आजपासून तात्पुरतं: टायमरचं सोडणं बंद, दाराला चार बोल्ट, आयसोलेटरला (वीज पूर्ण तोडणाऱ्या स्विचला) टाळं, १० मिनिटं थांबायचं आणि सुपरवायझरने शाफ्टच्या टोकाकडे बघून खात्री केल्यावरच बोल्ट सोडायचे.

४ फेब्रुवारी

रोटर थांबायला खरंच किती वेळ लागतो ते मोजलं. शाफ्टच्या मोकळ्या टोकाला चमकपट्टी लावली, फोटो टॅकोमीटर तिकाटण्यावर. मोटर ४ पोलची, ५० हर्ट्झला १,४८० आरपीएम. बेल्टवरून रोटरला १,७७० मिळतात.

रिकामी मिल, स्टॉप दाबल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत: ६ मिनिटं २० सेकंद. तीन वेळा मोजलं, फरक दहा सेकंदांच्या आत. माल भरलेला असताना बंद केली तर ५० सेकंद. चोकअप झाली, म्हणजे माल तुंबला, तर २० सेकंदांतच जाम.

टायमर ४ मिनिटांवर कुठून आला? जुन्या वहीत सापडलं. मिल बसवली तेव्हा रिकाम्या रोटरला ३ मिनिटं ३० सेकंद लागत होते, त्यावर अर्धा मिनिट वाढवून ठेवला होता. तेव्हाचा हिशेब बरोबर होता. गेल्या महिन्यात दोन्ही बेअरिंगं बदलली, सील बदलले, अलाइनमेंट नीट केलं. रोटर हलका फिरू लागला, सगळ्यांना आनंद झाला. थांबायचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण बेअरिंगचं काम आणि टायमरचा आकडा यांचा संबंध कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता.

आज स्टॉपनंतर बरोबर ४ मिनिटांनी टॅकोमीटरवर २१० आरपीएम होते. हॅमरचं टोक केंद्रापासून ४५० मिलिमीटरवर, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला जवळपास १० मीटर. ड्रॉइंगवरून रोटरचं इनर्शिया (फिरण्याचं जडत्व) १४ किलोग्रॅम-वर्गमीटर काढलं. साठलेली ऊर्जा पूर्ण वेगाला २४० किलोज्यूल, २१० आरपीएमला साधारण ३.४ किलोज्यूल. टक्क्यात सांगितलं तर दीडसुद्धा उरलेला नाही, ऐकायला किरकोळ वाटतं. पण तेवढ्यात १०० किलोचं वजन साडेतीन मीटर वर उचललं जातं.

६ फेब्रुवारी

दाराचा जुना स्विच साध्या चुंबकाचा आहे. पॅनेलच्या आतल्या बाजूला, वायरिंगच्या डक्टमागे, चिकटपट्टीने लावलेलं एक सुटं चुंबक मिळालं. कशासाठी ते विचारायची गरज नव्हती.

ऑपरेटरना ओरडलो नाही. पाळी सुटल्यावर तिघांबरोबर बसलो. त्यांचं म्हणणं असं: चोकअप पाळीत तीन-चारदा होतो. रोटर २० सेकंदांत अडकून उभा, समोर दिसतोय की हलत नाही, आणि टायमर ४ मिनिटं मोजतोय. मग आपत्कालीन चावीने बोल्ट सोडायचा, स्विचला चुंबक दाखवायचं, चाळणी ठोकून साफ करायची. "आम्हाला मरायची हौस नाही, पण टायमरला काही दिसत नाही ना."

हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. टायमर दोन्ही बाजूंनी चुकतो. रोटर थांबलेला असतो तेव्हा उगाच थांबवतो, फिरत असतो तेव्हा दार उघडून देतो. पहिल्या चुकीमुळे लोक त्याला फसवायला शिकले आणि दुसऱ्या चुकीने काकांना जवळजवळ गाठलं. नवीन व्यवस्था अशीच हवी की रोटर थांबला की लगेच दार सुटेल. तसं झालं तर चुंबक डक्टमागे ठेवायचं कारणच राहत नाही. आयएसओ १४११९ या सुरक्षा मानकातही इंटरलॉक (दार उघडं असेल तर यंत्र चालू न देणारी व्यवस्था) निवडताना लोकांना तो चुकवावासा का वाटेल याचा विचार आधी करायला सांगितलं आहे.

९ फेब्रुवारी

डिझाइनची बैठक. प्रॉडक्शनच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न योग्य विचारला: "मोटर ड्राइव्हवर आहे. ड्राइव्हच्या स्क्रीनवर आरपीएम दिसतात. तेच शून्य झाले की दार सोडा, वेगळा सेन्सर कशाला?"

बैठक तिथेच थांबवून सगळ्यांना मिलपाशी नेलं. मिल चालू केली, स्टॉप दिला. ड्राइव्हचं (मोटरला वीज देऊन तिचा वेग ठरवणाऱ्या उपकरणाचं) आउटपुट तुटलं, स्क्रीनवर त्याच क्षणी ०. बाजूला शाफ्टवरची चमकपट्टी गरगर फिरतेय, टॅकोमीटर १,६०० दाखवतोय. ड्राइव्ह आपण मोटरला काय देतोय ते सांगतो. देणं थांबलं की त्याच्या लेखी सगळं थांबलं. मॅडम स्क्रीन आणि शाफ्ट आळीपाळीने बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ठीक आहे, सेन्सर लावा."

पुढचा प्रश्न जास्त कठीण: सेन्सर लावायचा कुठे? मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) बसवणं सगळ्यात सोपं, जागा तयार आहे, वायर छोटी. पण मोटर आणि रोटर यांच्यामध्ये पाच व्ही-बेल्ट आहेत. बेल्ट तुटले किंवा पुलीची की (पुलीला शाफ्टवर पक्की धरणारी पट्टी) कातरली गेली तर मोटर दहा-पंधरा सेकंदांत उभी राहील आणि रोटर आणखी सहा मिनिटं फिरेल. एन्कोडर प्रामाणिकपणे शून्य सांगेल, फक्त चुकीच्या शाफ्टचं. मोटर वाइंडिंगमधला उरलेला व्होल्टेज बघून स्टँडस्टिल (मोटर थांबलेली असणं) ओळखणारे रिले मिळतात, त्यांचीही तीच अडचण: त्यांनाही मोटरच दिसते.

जो शाफ्ट हात तोडू शकतो त्याच शाफ्टवर मोजायचं. या मुद्द्यावर मी हटणार नाही.

११ फेब्रुवारी

जोखीम मूल्यांकन लिहून पूर्ण. इजा गंभीर आणि कायमची, एस२. दार उघडणं पाळीत तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं, म्हणजे पाव तासात एकदापेक्षा कमी आणि एकूण वेळेच्या विसाव्या भागाच्या आत, एफ१. टाळता येण्याची शक्यता: आत अंधार, फिरणारा रोटर गप्प, पी२. आयएसओ १३८४९-१ च्या आलेखावर या तिन्हींवरून परफॉर्मन्स लेव्हल (सुरक्षा यंत्रणा किती भरवशाची हवी त्याची पायरी, ए ते ई) डी. दोन चॅनेल (एकमेकांवर नजर ठेवणारे दोन स्वतंत्र मार्ग), कॅटेगरी ३ धरून चाललो आहे.

एका सहकाऱ्याने विचारलं की दार उघडलं की मोटर बंद करणारा नुसता इंटरलॉक का पुरत नाही, कुलूप कशाला. आयएसओ १३८५५ चा (दार धोक्यापासून किती लांब हवं त्याचा) हिशेब फळ्यावर मांडला. माणूस चालत येण्याचा वेग सेकंदाला १,६०० मिलिमीटर, थांबायला ३८० सेकंद. गुणाकार ६०८ मीटर. दार रोटरपासून सहाशे मीटर लांब नेता येत नाही, म्हणून कुलूप लागतं.

कुलपाचा प्रकार ठरला: स्प्रिंगने लागणारं, वीज दिली तरच सुटणारं. मधेच वीज गेली तर रोटर फिरतच राहतो, अशा वेळी दार आपोआप सुटणारं कुलूप अगदी उलटं काम करेल. दाराचा स्विच टाइप ४, उच्च कोडिंगचा. त्या स्विचला फक्त त्याची जोडीदार पट्टीच ओळखू येते, सुटं चुंबक नाही.

१३ फेब्रुवारी

दाती चकती: रोटरच्या शाफ्टवर बसणार, सेन्सर तिचे दात मोजून वेग ओळखणार. ड्रॉइंग काढायला पूर्ण दिवस गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला असं वाटतं.

स्टोअरमध्ये एक जुना रिलक्टन्स पिकअप होता, चुंबक आणि गुंडाळीचा. मजबूत, त्याला सप्लायही लागत नाही. पण त्याचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो आणि वेगाबरोबर पडतो. रोटर हळू झाला की सिग्नल गोंगाटात विरून जातो. मला नेमका शेवटचा, हळू फिरणारा भागच बघायचा आहे. पिकअप परत ठेवला. एम१२ इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी (न शिवता समोरचा धातू ओळखणारा सेन्सर) घ्यायची, पीएनपी आउटपुटची, ४ मिलिमीटर सेन्सिंगची. समोर दात स्थिर उभा असला तरी ती 'आहे' सांगते.

एका प्रॉक्सिमिटीचा धोका असा: केबल तुटली तर पल्स बंद. रोटर थांबला तरी पल्स बंद. पल्स बघून दार सोडणाऱ्या रिलेला दोन्ही सारखंच. यंत्र थांबलंय म्हणून शांतता आणि सांगणाराच गप्प बसलाय म्हणून शांतता, या दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. म्हणून दोन प्रॉक्सिमिटी, आणि चकतीचा आकार असा की रोटर कुठेही थांबला तरी दोघींपैकी एक तरी दातासमोर असलीच पाहिजे. दोन्ही एकदम 'नाही' म्हणाल्या तर ती स्थिती या चकतीने तयारच होऊ शकत नाही. म्हणजे बिघाड, कुलूप बंद राहील. २४ व्होल्टचा फ्यूज उडाला, कॉमन कनेक्टर निघाला, ब्रॅकेट वाकून दूर गेला, सगळं यातच पकडलं जातं.

आकडे: १६ दात, व्यास २०० मिलिमीटर, परिघ ६२८, म्हणजे एका दात-खाचेला ३९.३ मिलिमीटर. दात २२, खाच १७ च्या आसपास. दात मुद्दाम खाचेपेक्षा रुंद. दुसरी प्रॉक्सिमिटी अडीच दात पुढे, ५६.२५ अंशांवर, पहिली दाताच्या मध्यावर असते तेव्हा ही खाचेच्या मध्यावर. पूर्ण वेगाला १६ गुणिले २९.५, म्हणजे ४७२ हर्ट्झ, प्रॉक्सिमिटीच्या आवाक्यात. आठ दातांनीही चाललं असतं, पण दात कमी तर शेवटच्या मंद वेगाला दोन पल्समधलं अंतर वाढतं आणि रोटर थांबला की हळू फिरतोय हे ठरवायला तितका उशीर.

वर्कशॉपने सुचवलं की चकती ॲल्युमिनियमची करू, हलकी पडेल. नको. या प्रॉक्सिमिटीचं ४ मिलिमीटर अंतर माइल्ड स्टीलसाठी आहे. ॲल्युमिनियमसमोर ते साधारण ०.४ पटीवर येतं. चकती स्टीलचीच, जाडी १६, म्हणजे सेन्सरच्या १२ च्या तोंडापेक्षा जास्त. आणि सेन्सर बाजूने नाही, परिघावरून बघणार, कारण त्या टोकाचं बेअरिंग तरंगतं आहे. शाफ्ट गरम होऊन लांबीत वाढतो तेव्हा बाजूचा गॅप बदलतो, परिघाचा बदलत नाही.

१६ फेब्रुवारी

रात्री झोप येत नसताना लक्षात आलं. दोन सेन्सर, दोन केबल, दोन चॅनेल, सगळं जोडीने. पण चकती एकच. चकती शाफ्टला धरणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला झाला आणि ती शाफ्टवर घसरून उभी राहिली तर? दोन्ही सेन्सर निरोगी, एक दातासमोर, एक खाचेसमोर, सगळं नियमात. रोटर पूर्ण वेगात, आणि रिले म्हणतोय थांबलाय. इलेक्ट्रॉनिक्सने कितीही दुहेरी केलं तरी ही चूक त्याला दिसणार नाही.

ग्रब स्क्रूची कल्पना रद्द. शाफ्टच्या त्या टोकाला कीवे (की बसायची खाच) आधीपासूनच आहे. चकतीला हब, हबला की, वर एंड प्लेट, मध्ये एम२० बोल्ट, बोल्टला दुमडायचा टॅब वॉशर. चकतीवर येणारा भार नगण्य, त्यामुळे ही की कातरण्याचा प्रश्न येत नाही, आणि तसं कागदावर कारणासकट लिहिलं. वर एक दुसरी राखण: प्रत्येक वेळी मिल चालू केल्यावर ५ सेकंदांत दोन्ही सेन्सरकडून वाढती फ्रीक्वेन्सी आली नाही तर मिल ट्रिप (आपोआप बंद) आणि कुलूप बंदच. म्हणजे चकती रोटरबरोबर फिरते आहे याची परीक्षा दर स्टार्टला होते.

२३ फेब्रुवारी

शटडाउनचा पहिला दिवस. चकती बसली, रनआउट (फिरताना कड वरखाली होणं) डायल गेजवर ०.०८ मिलिमीटर. कुलूप बसलं. बेल्ट गार्डही याच वेळी हातात घेतला, कारण झाकण काढल्यावर दिसलं की जाळीची भोकं २५ मिलिमीटर चौकोनी आणि जाळीपासून बेल्ट ९० मिलिमीटरवर. आयएसओ १३८५७ नुसार एवढ्या भोकाला, बोट पोचू नये म्हणून, १२० लागतात. गार्ड बाहेर सरकवायला जागा नाही, म्हणून जाळी १० मिलिमीटरची केली. तिला २५ पुरतात. स्क्रू गार्डलाच अडकून राहणारे घेतले. सुटे स्क्रू हरवतात आणि मग गार्ड चारऐवजी एका स्क्रूवर लटकतो, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

२४ फेब्रुवारी

आजचा दिवस गॅपचा, म्हणजे सेन्सर आणि दात यांच्यातल्या अंतराचा. नवीन इलेक्ट्रिशियन मुलाने दोन्ही प्रॉक्सिमिटी लावून ठेवल्या होत्या, फीलर गेजने ३ मिलिमीटरवर. त्याचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही: सेन्सर ४ चा, खात्रीचं अंतर ०.८१ पट म्हणजे ३.२४, त्याच्या आत आहे. मिल फिरवली, सगळं व्यवस्थित. मग रोटर हाताने हळू फिरवायला घेतला आणि एका जागी रिलेने बिघाड दाखवला. रीसेट केला, पुढे सरकवला, पुन्हा तिथेच.

दोघं चकतीजवळ उकिडवे बसलो. त्याने रोटर केसभर केसभर सरकवायचा, मी दोन्ही प्रॉक्सिमिटींच्या पाठीवरचे पिवळे दिवे बघायचे. पहिलीचा दिवा विझला. दुसरीचा अजून लागलेला नाही. अंधार. आणखी केसभर, मग दुसरीचा लागला. कागदावर मी दोन्हीकडे मिळून अडीच मिलिमीटरची गाठ (दोन्ही दिवे एकदम लागलेले राहतील एवढा भाग) ठेवली होती. इथे गाठ नव्हती, फट होती.

कारण कळलं. ०.८१ चा आकडा समोर पूर्ण पृष्ठभाग असेल तर. दाताची कड सेन्सरच्या अर्ध्या तोंडासमोर येते तेव्हा ३ मिलिमीटरवरून तिला ती पुरेशी दिसत नाही. लांबून बघणाऱ्याला दात अरुंद दिसतो, खाच रुंद. गॅप १.८ वर आणला, लॉकनट कसले, परत तोच खेळ. यावेळी पहिलीचा विझायच्या बराच आधी दुसरीचा दिवा लागत होता. सोळाही दात असे फिरवून बघितले, खडूने खूण करत. मुलाला सांगितलं की गॅपचा आकडा ब्रॅकेटवरच कोरून टाक: १.८, अधिक-उणे ०.२. त्याने स्वतःच्या हाताने कोरला.

२५ फेब्रुवारी

बिघाड मुद्दाम करून बघायचा दिवस. मिल पूर्ण वेगात, मग एकेक.

पहिल्या सेन्सरची वायर टर्मिनलमधून काढली: ट्रिप, कुलूप बंद. दुसऱ्याची: तसंच. दोन्हींचा सप्लाय फ्यूज: तसंच. पहिल्याचा सिग्नल २४ व्होल्टला शॉर्ट: एक चॅनेल सतत 'आहे', दुसऱ्यावर पल्स, विसंगती, ट्रिप. पूर्ण वीज घालवली: रोटर सहा मिनिटं फिरत राहिला, दार ओढून बघितलं, जागचं हललं नाही. रोटर फिरत असताना इमर्जन्सी स्टॉप: मोटर बंद, दार बंद. दार लावल्यावर मिल आपोआप सुरू होते का: नाही, रीसेट आणि मग स्टार्ट, दोन वेगळी बटणं.

शेवटची परीक्षा बेल्टची. पाचही बेल्ट काढले, मोटर एकटी फिरवली. जुन्या विचाराने एन्कोडर मोटरवर असता तर इथे सगळं छान दिसलं असतं. आपली यंत्रणा ५ सेकंदांत ट्रिप झाली: मोटर चालू, रोटरकडून पल्स नाहीत.

दार सोडायची अट: पल्स ०.५ हर्ट्झखाली आणि त्यानंतर १० सेकंद एकही पल्स नाही. ०.५ हर्ट्झ म्हणजे रोटर मिनिटाला दोनपेक्षा कमी फेरे, हॅमरचं टोक सेकंदाला ९ सेंटिमीटर. तेवढ्यावरही सोडायचं नाही, म्हणून पुढचे १० सेकंद.

२ मार्च

तक्रार: दोनदा रोटर थांबूनही दार सुटलं नाही. ऑपरेटर शांतपणे थांबले, मला बोलावलं. याचं मला फार बरं वाटलं. महिन्यापूर्वी ते चुंबकाकडे गेले असते.

रोटर खरोखरच स्थिर. रिलेवर मात्र पहिल्या चॅनेलला १६ हर्ट्झ. कुठलाच रोटर एवढ्या नेमक्या ठेक्यात सरपटत नाही. शेजारचा व्हायब्रेटिंग स्क्रीन ९६० आरपीएमवर चालतो, म्हणजे सेकंदाला १६ झटके. दाताची कड बरोबर प्रॉक्सिमिटीच्या उंबरठ्यावर येऊन थांबलेली. ब्रॅकेटला बोट लावलं: तोच थरथरत होता. ३ मिलिमीटरच्या पट्टीचा वाकवलेला ब्रॅकेट, माझ्याच ड्रॉइंगचा. १० मिलिमीटर प्लेटचा, खाली त्रिकोणी आधार वेल्ड केलेला, थेट पेडेस्टलवर बोल्ट केलेला नवा ब्रॅकेट बनवायला दिला. उद्या संध्याकाळी बसेल. चूक सुरक्षित बाजूला झाली, दार बंद राहिलं. पण अशी चूक महिन्यातून चारदा झाली तर माणसं परत वाट शोधतील.

५ मार्च

नवा ब्रॅकेट बसला. स्क्रीन चालू ठेवून रोटर मुद्दाम उंबरठ्यावर थांबवला, वीस वेळा. एकदाही अडकलं नाही.

काकांनी एक गोष्ट दाखवली जी माझ्या यादीत नव्हती. हॅमर बदलताना एका बाजूच्या दोन रांगा काढल्या की रोटर असमतोल होतो आणि स्वतःच्या वजनाने फिरून खाली येतो. वीज नाही, वेग शून्य, दार रीतसर उघडलेलं, आयसोलेटरला टाळं, आणि तरी रोटर पाव फेरा मारतो. आजवर काका लाकडी ठोकळा अडकवायचे. आता रोटरच्या डिस्कमधून जाणारी २५ मिलिमीटरची पिन केली. पिनचं मुठीचं टोक दाराच्या वाटेत येईल एवढं लांब ठेवलं. पिन आत विसरली तर दार लागतच नाही, दार न लागता मिल सुरू होत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला पाटी: दार सुटलं म्हणजे फक्त रोटर थांबला आहे. हात घालण्याआधी आयसोलेटरला स्वतःचं टाळं, मग पिन.

१२ मार्च

आठवडाभराचे आकडे. दार ७१ वेळा उघडलं. चोकअपनंतर सरासरी ३५ सेकंदांत, त्यातली १० सेकंद आपली राखीव. रिकाम्या रोटरला सगळ्यात जास्त ६ मिनिटं ३४ सेकंद. प्रत्येक वेळचा थांबायचा वेळ आता आपोआप नोंदला जातो. हा आकडा हळूहळू घटू लागला तर बेअरिंगची खबर आपल्याला आवाजाआधी मिळेल. ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर लावून रिकामा रोटर दीड-दोन मिनिटांत आणता येईल, तो पुढच्या शटडाउनचा विषय. त्यात कुलपाला हात लावायचा नाही, कारण बेल्ट गेले की ब्रेकही गेला.

दुपारी काका चाळणी बदलायला आले तेव्हा मी तिथेच होतो. स्टॉप दिला. ते दाराला टेकून उभे, मीही. सहा मिनिटांनंतर कुलपाचा खटका वाजला. त्यांनी आयसोलेटरला आपलं टाळं लावलं, दार उघडलं, तरीही आधी पंजा आडवा धरून वारं आहे का ते बघितलं. मग पिन सरकवली आणि चाळणीचा पहिला बोल्ट सोडला.

शेजारच्या दुसऱ्या मिलवर अजून तोच ४ मिनिटांचा टायमर आहे. त्याचं सोडणं आज संध्याकाळी काढून टाकलं, दाराला चार बोल्ट मारले. दुसरी चकती कापायला दिली आहे.